ब्रासात मोजलेली माती

रमजानच्या महिन्यात अन्नाचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवसभराच्या रोजानंतर मगरीबची अजान होते, खजूर तोंडात जातो, पाण्याचा घोट घशाखाली उतरतो आणि मग समोरचं साधं वरण-भातही नेमत वाटतं. ताटात अन्न टाकू नये, हे या महिन्यात वारंवार सांगितलं जातं. पण ज्या मातीतून हे ताट भरतं, ती माती टाकून देण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशेबाने माणसाच्या अन्नापैकी 95 टक्के अन्न या ना त्या वाटेने मातीतूनच येतं. ही माती कशी वाया जाते ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. पुण्याच्या पश्चिमेला नांदे गावापर्यंत गेलं तरी पुरे.

नांदे हे मुळशी तालुक्यातलं, मुळेच्या खोऱ्यातलं गाव. शेजारची सूस आणि म्हाळुंगे 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. नांदे त्या यादीत नव्हतं, पण शहराला यादीची वाट पाहायची सवय नाही. एका अंगाला हिंजवडीतल्या आयटी कंपन्या, दुसऱ्या अंगाला सूस आणि बाणेर. मधल्या शेतजमिनीचा भाव आता पिकावर ठरत नाही, रस्ता किती फुटांचा आहे यावर ठरतो.

मुळशी हा भाताचा तालुका. इथला आंबेमोहोर नावाजलेला. आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी आज पुण्यातल्या घराघरांत शिजतो. हा भात ज्या खाचरात पिकतो, ते खाचर निसर्गाने आयतं दिलेलं नाही. उताराला बांध घालायचे, पावसाबरोबर वाहून येणारी माती अडवायची, शेणखत आणि पालापाचोळा घालायचा, दरवर्षी चिखलणी करायची. असं पिढ्यान्‌पिढ्या केल्यावर खाचरात पाणी धरून ठेवणारी जमीन तयार होते. खडकापासून दोन-तीन सेंटिमीटर माती बनायला निसर्गाला हजार वर्षंही लागू शकतात. एका फुटात असे थर किती बसतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बांधकाम सुरू झालं की हाच वरचा फूटभर थर आधी निघतो. इमारतीचा पाया मऊ मातीवर उभा राहत नाही, त्याला खालचा मुरूम आणि खडक लागतो. त्यामुळे माती काढावी लागते, यात कुणाचा दोष नाही. प्रश्न पुढचा आहे. जेसीबीच्या एकाच बकेटमध्ये वरची माती, खालचा मुरूम आणि दगड एकत्र उचलले जातात. डंपर भरतो आणि तो माल कुठल्या तरी खड्ड्यात भराव म्हणून पडतो. एकदा मुरमात मिसळलेली माती पुन्हा वेगळी करता येत नाही. कायद्याच्या लेखी भरावाची साधी माती हे गौण खनिज आहे. ती ब्रासात मोजली जाते आणि तिच्यावर स्वामित्वधन भरलं जातं. भाताची माती आणि डोंगराचा मुरूम या मापात सारखेच.

माप ब्रासाचं असेल तर ब्रासातच हिशेब मांडू या. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. म्हणजे एका एकरावरची फूटभर माती झाली सुमारे 435 ब्रास. हीच माती हलक्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर पसरली, तर चार एकरांवर तीन-तीन इंचांचा थर बसतो. एका एकरावर घरं उभी राहताना चार एकर जमीन सुधारू शकते. आज ती सुधारत नाही, कारण तसं करायला कुणी सांगत नाही.

महाराष्ट्राला मातीची किंमत माहीत नव्हती असं नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं कामावर आली ती बांधबंदिस्ती, नालाबांध आणि पाझर तलावांच्या. पोटाला भाकरी मिळावी आणि रानातली माती रानातच राहावी, अशी दोन्ही कामं एकाच कुदळीने झाली. त्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा आला. पुढे 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि तलावात साचलेला गाळ शेतकऱ्यांनी पुन्हा शेतात नेला. वाहून गेलेली माती तलावातून परत आणायला सरकार मदत करतं. मग जागेवरची माती डंपरमधून जाताना तिला शेताची वाट का दाखवू नये?

जर्मनीच्या बांधकाम कायद्यात यासाठी एक स्वतंत्र कलम आहे, 202 क्रमांकाचं. बांधकामासाठी काढलेला वरचा सुपीक थर वापरण्याजोग्या स्थितीत राखला पाहिजे, तो नष्ट होऊ देता कामा नये, असं ते सांगतं. या थराला जर्मन भाषेत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘आईमाती’ असा होतो. आपल्याकडेही 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीत वरची माती साठवून त्याच आवारातल्या बागेसाठी वापरण्याची अट सर्रास असते. पण सोसायटीच्या हिरवळीला लागून किती माती लागणार? आणि गुंठ्या-गुंठ्याने पडणाऱ्या प्लॉटिंगला तर ही अटही लागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बिगरशेती वापरासाठी जमीन जाताना, प्लॉट लहान असो वा मोठा, वरची फूटभर माती आधी वेगळी काढावी. ती कोरडी असताना काढावी, म्हणजे पावसाळ्याआधी. ढीग उंच करू नये, त्यावर गाड्या फिरवू नयेत. ही माती शेतात जाणार असेल तर तिच्यावर स्वामित्वधन घेऊ नये. पंचक्रोशीतल्या कुठल्या शेतकऱ्याला ती हवी आहे, याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. डंपर तसाही भरतोच. फक्त तो कुठे रिकामा करायचा, हे ठरवायचं आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की शेतकरी जमीन विकतो तेव्हा त्याला मातीचे धडे कोण देणार? खरं आहे. भाताच्या पैशात घर चालत नसेल, डोक्यावर कर्ज असेल, मुलांना शेती नको असेल, तर विकणाऱ्याला बोल लावण्याचा अधिकार भाव पाडून तांदूळ घेणाऱ्या शहराला नाही. शिवाय घरंही माणसांनाच हवी आहेत. पण जमीन विकणं वेगळं आणि माती फेकणं वेगळं. विकणाऱ्याचा एक रुपयाही कमी न होता माती वाचू शकते.

दुसरा आक्षेप असा, की नांदे गावातल्या काही एकरांनी जगाची भूक थोडीच भागणार आहे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2023 मध्ये जगात सुमारे 73 कोटी माणसं भुकेली होती. 2050 पर्यंत लोकसंख्या 970 कोटींच्या घरात जाईल असा अंदाज आहे. या आकड्यांपुढे 435 ब्रास काहीच नाहीत. पण जगाची शेती म्हणून वेगळी कुठे नसते. ती अशाच गावांची बेरीज असते, आणि वाढत्या शहरांच्या कडेला अशी गावं सगळ्या जगात आहेत. मुळशीने हा प्रश्न आधीही पाहिला आहे. एप्रिल 1921 मध्ये सेनापती बापटांच्या साथीने इथले शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले, ते भाताची जमीन पाण्याखाली जाऊ नये म्हणून. ती जमीन गेली, मुंबईला वीज मिळाली. आज कुणी सत्याग्रह मागत नाही. मागणं एवढंच, की जाणाऱ्या जमिनीची माती तरी जाऊ नये.

रमजान संपताना, ईदच्या नमाजाआधी फितरा दिला जातो. आज बहुतेक घरांत तो पैशांत निघतो, पण त्याची रक्कम ठरते गहू, जव किंवा खजुराच्या मापावरून. शेतीच्या उत्पन्नावर उश्र असतो. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, मेहनतीने पाणी देऊन पिकवलं तर विसावा. वुजूला पाणी मिळत नसेल तर पाक मातीवर तयम्मुम करून नमाज पढता येते. पैसा कितीही आला तरी मूळ माप धान्याचं आणि धान्याच्या मागे माती, ही जाण या रिवाजांत आहे. शेजारच्या हिंदू घरात बैलपोळ्याला आणि भाताच्या पहिल्या लोंबीला हात जोडले जातात, तेव्हा जाण तीच असते.

त्या मातीचं माप फक्त ब्रास असू नये. येत्या पावसाआधी नांदे गावात, किंवा अशा कुठल्याही गावात, एका प्लॉटवरची माती जरी भरावाऐवजी शेजारच्या शेतात गेली, तरी सुरुवात झाली. त्यासाठी लागतो एक ग्रामसभेचा ठराव आणि डंपरवाल्याला दिलेला एक वेगळा पत्ता.