कामांची यादी पुरत नाही, वेळ ठरवा



ट्रेनिंगमध्ये कॅलेंडरचा विषय काढला की एक वाक्य हमखास येतं. "सर, आमचं दुकान आहे, ऑफिस नाही. गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही. आम्हाला कॅलेंडर काय कामाचं?"

माझं मत उलटं आहे. गिऱ्हाईक कधीही येतं, म्हणूनच कॅलेंडर लागतं.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आधी मी वहीत रोज पंधरा कामं लिहायचो. सोपी कामं व्हायची. उधारीचे फोन आणि स्टॉक मोजणी मात्र उद्यावर. एका वर्षी जीएसटीआर-३बी दोनदा उशिरा भरलं. लेट फी दिवसाला ५० रुपये, आणि रोखीने भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. पैसे होते, तारीखही माहीत होती. त्या कामाला वेळच दिलेला नव्हता.

यादी फक्त काय करायचं ते सांगते. कधी करायचं, हे कॅलेंडर सांगतं. यादी कितीही वाढते, दिवस वाढत नाही.

आता मी गूगल कॅलेंडर वापरतो. फोनवर आहे, फुकट आहे. पद्धत साधी आहे:

१. दुपारी २ ते ३:३० दुकानात गर्दी नसते. तेवढाच वेळ मी बांधतो. सोमवारी उधारीचे फोन, मंगळवारी स्टॉक. एकदा 'दर आठवड्याला रिपीट' केलं की झालं.

२. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख, ३बी साठी २० तारीख. मी नोंद ८ आणि १७ ला टाकतो, शेवटच्या दिवशी नाही. तिमाही भरत असाल तर तुमच्या तारखा टाका.

३. सीझनचं काम 'दर वर्षी रिपीट'. शाळा जूनमध्ये उघडतात, वह्यांची ऑर्डर एप्रिलमध्येच जायला हवी.

४. बाकी दिवस मोकळा ठेवा. तो गिऱ्हाइकाचा.

ठरलेल्या वेळी गर्दी झाली तर? नोंद डिलीट करू नका, दुसऱ्या वेळेवर सरकवा. तेच काम तिसऱ्यांदा सरकवायची वेळ आली, तर ते दुसऱ्याला द्या नाहीतर सोडून द्या.

आधी कोणतं काम घ्यायचं? मी एकच प्रश्न विचारतो: हे आठवडाभर राहिलं तर माझे पैसे जातील का? उत्तर 'हो' असेल, तर ते आधी. काउंटरवर जो मोठ्याने ओरडतो त्याचं काम घाईचं वाटतं, पण उधारी कधी ओरडत नाही. ती गुपचूप बुडते.

कॅलेंडर म्हणजे शिस्तीचा देखावा नाही, तो तुमच्या गल्ल्याचा राखणदार आहे. आज शटर ओढायच्या आधी फक्त एक नोंद टाका: ज्याच्याकडे सगळ्यात जुनी उधारी आहे त्याला उद्या किती वाजता फोन करणार? वेळ लिहा, अलार्म लावा.

आणि फोन केला की कमेंटमध्ये नक्की सांगा!