खेळण्यांचे सुटे भाग कोण देणार?

पोळा जवळ आला की फैजपूरच्या बाजारात मातीचे बैल मांडले जातात. पुढे गुलाबाईच्या मूर्ती येतात. बैलाचे शिंग मोडले तर घरातील वडीलधारे माणूस ते सांधून देते; रंग आवडला नाही तर मूल आपल्या हाताने दुसरा देते. विकत घेतलेली वस्तू आपली झाली, ती हवी तशी नटवावी, मोडली तर दुरुस्त करावी, हा व्यवहार येथे गृहीतच आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांबाबत मात्र हा साधा हक्क ग्राहकाच्या हातून निसटत चालला आहे. त्याविषयी जे तक्रार करतात त्यांना ‘थोराड वयात बाहुल्यांशी खेळणारे’ म्हणून हसण्यावारी नेले जाते, हे योग्य नव्हे.

हातपाय हलविता येणाऱ्या बाहुल्यांना ‘ॲक्शन फिगर’ हे नाव मिळाले ते अमेरिकेतील हॅसब्रो कंपनीमुळे. १९६४ साली तिने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत म्हणून हे नवे नाव योजले गेले. १९८२ साली त्याची छोटी आवृत्ती निघाली. तिच्या पाठीत एक स्क्रू आणि पोटात एक रबरी कडे असे. स्क्रू काढला की हात, पाय, धड सुटे होत. कडे झिजले तर किरकोळ खर्चात बदलता येई. भारतात १९८७ साली स्थापन झालेल्या फन्स्कूलने याच बाहुल्या हॅसब्रोच्या साच्यांतून काढल्या. रंग मुळापेक्षा वेगळे, कधी एकाच्या धडाला दुसऱ्याचे अवयव! हे भारतीय सैनिक परदेशांतील संग्राहक आजही आवर्जून शोधतात. जी मोडतोड आणि जोडणी आज हौशी मंडळी घरी करतात, ती एके काळी आपल्या कारखान्यानेच केली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या मंडळींच्या मागण्या तरी कोणत्या? बाहुली डिंकाने कायमची चिकटवू नका, स्क्रूने जोडा. डोके, हात, शस्त्रे हे सुटे भाग स्वतंत्रपणे विका. जुने साचे धूळ खात पडू न देता त्यांतून पुन्हा थोडा माल काढा. आणि परक्या वीरांच्या जोडीला आपल्या इतिहासातील माणसेही घडवा. दिवाळीतील किल्ल्यांवर मांडले जाणारे मावळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठशाचे असतात. त्यांचा हात हलला तर पोरांना तलवार त्याच्या मुठीत देता येईल. यांत अवास्तव असे काहीच नाही.

थोड्या ग्राहकांसाठी साचा पाडणे परवडत नाही, असे कारखानदार म्हणतील. आक्षेप खरा आहे, साच्याचा खर्च मोठाच असतो. परंतु हॅसब्रोनेच २०१८ साली एका मोठ्या खेळण्यासाठी आधी ५,००० ग्राहकांची आगाऊ नोंदणी मागितली आणि ती मिळाल्यावरच उत्पादन हाती घेतले. आधी मागणी, मग माल, ही पद्धत आपल्याकडे अशक्य का असावी? दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा. सुटा भाग लहान मूल गिळू शकते, ही भीती रास्त आहे. पण १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झालेले मानकचिन्ह चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. प्रौढ संग्राहकांचा माल वेगळा ठरवून तसे स्पष्ट छापणे कठीण नाही.

शासनाचीही येथे जबाबदारी आहे. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेले गेले. देशी कारखानदाराला संरक्षण मिळाले, ते मिळावयासही हवे होते. परंतु संरक्षणाची किंमत ग्राहक मोजतो, तेव्हा त्याच्या पदरातही काही पडले पाहिजे. केंद्राने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार सुरू केला तो शेतीअवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्यापुरता. त्या यादीत खेळण्यांना स्थान नव्हते. वास्तविक वस्तू उघडून पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची पहिली सवय माणसाला लागते ती खेळण्यापासूनच.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन याच फैजपूरला भरले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि अशाच स्थानिक साहित्यातून तेथील नगर सजविले. परिसरात जे आहे त्याला हाताने नवे रूप देता येते, हा धडा या गावाला नवा नाही. स्क्रू फिरवून बाहुलीचे पोट उघडणारे पोर उद्या पंप दुरुस्त करील, कदाचित यंत्रही घडवील. त्याच्या हातात कायमची बंद केलेली वस्तू देऊन आपण केवळ खेळणे विकत नाही, त्याचे कुतूहलही बंद करतो. कारखानदारांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ झाले.