अक्षरांचं भुयार



कंधारचा किंवा औशाचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलाय? भोवती खंदक, जाडजूड तट आणि आत अंधाऱ्या खोल्या. वळणावर उभं राहिलं की वाटतं, पलीकडे काय असेल बरं?

नेमकी हीच गंमत एका संगणकाच्या खेळात आहे. त्याचं नाव 'रोग'. हसू नका हं! हा ताप-खोकल्याचा रोग नव्हे. इंग्रजीत 'रोग' म्हणजे लबाड, भटका माणूस. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी तो तयार केला. पुढे केन अर्नोल्डही त्यांना येऊन मिळाला.

या खेळात चित्रं नाहीतच! आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती, टिंबं म्हणजे जमीन. ई-मेलच्या पत्त्यात असते ना, ती 'ॲट'ची खूण म्हणजे तुम्ही स्वतः. इंग्रजी 'बी' दिसला की वटवाघूळ, 'डी' दिसला की ड्रॅगन! भुयारात खोल उतरायचं, एक ताईत शोधायचा आणि जिवंत वर यायचं. वाटेत भूकही लागते, म्हणून शिदोरी जपून वापरायची.

पण खरी मेख पुढेच आहे. दर खेपेला संगणक नवं भुयार रचतो. काल लाल औषधानं बरं वाटलं, म्हणून आजही वाटेलच असं नाही. आणि एकदा मेलात की संपलं, पुन्हा पहिल्यापासून! अशा खेळांना आता 'रोगलाइक' म्हणतात. १९८७ मध्ये आलेला 'नेटहॅक' हा त्यांतलाच. असे नवे खेळ आजही निघतात.

संगणक नाही? काही अडत नाही. चौकटीची वही आणि एक फासा घ्या. एकानं किल्लेदार व्हायचं. त्यानं १० × १० चौकोनांत गुपचूप किल्ला काढायचा : 'स' साप, 'व' वटवाघूळ, 'भ' भाकरी, 'र' रत्न. दुसरा शोधक. त्याच्याकडे पाच जीव आणि एक भाकरी. तो एकेक चौकोन पुढे सरकेल आणि आपल्या वहीत नकाशा काढत जाईल. प्राणी समोर आला की लढायचं की मागं फिरायचं, हे त्यानंच ठरवायचं. लढताना फाशावर तीन किंवा जास्त पडले तर जिंकला. कमी पडले तर एक जीव गेला. दर दहा चौकोनांनंतर एक भाकरी खायची. भाकरी नसेल तर एक जीव कमी. रत्न घेऊन दरवाजाशी परत आला की जिंकला. हरला तर किल्लेदारानं नवा किल्ला काढायचा.

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही हा खेळ खेळलो. एक मुलगा गणितं चक्क पाठ करायचा. आकडे बदलले की त्याची गाडी अडायची. पहिल्या डावात तो हरला, पण सापांच्या जागा त्यानं पाठ केल्या. दुसऱ्या डावात किल्ला बदललेला! "बाई, ही लबाडी आहे!" म्हणून रुसून बसला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं स्वतःच उठून आला. या वेळी भाकरी राखून, बेतानं पुढं सरकला. तरीही हरलाच. पण वही मिटताना म्हणाला, "बाई, नवा किल्ला काढा."

त्या आठवड्यातल्या चाचणीत त्याची पाचपैकी दोनच गणितं बरोबर आली. पण पाचही त्यानं स्वतः सोडवली होती. चुकलेल्या तिन्हींत नेमकं कुठं चुकलं, ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

पालकांनो, मूल हरलं की लगेच वाट दाखवू नका. "या वेळी काय कळलं?" एवढंच विचारा.

आणि मुलांनो, किल्ला बदलला तर बदलू द्या. तुम्हाला जे कळलं, ते कुठं जातंय?

तुमच्या बाई