सुई मोडली की सस्पेन्स खातं उघडू नका



आजचा विषय गोधडीचा आहे, आणि लिहिणारा आयुष्यभर बँकेत लेजर ओढलेला माणूस आहे. हसा, हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या बडोद्याच्या घरी आई दुपारची कामं आटपली की गोधडी घेऊन बसायची. जुनी लुगडी, मध्ये धोतराचा किंवा चादरीचा थर, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. शेजारच्या गुजराती काकी शिवणाच्या मशीनला 'संचो' म्हणायच्या, आम्हीही तेच म्हणायचो. पण आईने गोधडीला संचो कधी लावला नाही. ती गेल्यावर तिची सहा सुती पातळं हिने ट्रंकेत जपून ठेवली होती. अमेरिकेत लेकीचे दिवस भरत आले तेव्हा ती पातळं आमच्याबरोबर विमानात बसली.

लेकीने हौसेने एक जुनं लाँगआर्म मशीन घेऊन ठेवलं होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या घरच्या मशीनवर कापड सरकतं आणि मशीन जागेवर असतं. इथे उलट. वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं कापड दहा फुटी चौकटीच्या रुळांवर गुंडाळून ताणलेलं असतं, आणि मशीनचं डोकं चाकांवर पुढेमागे, आडवंउभं फिरतं. दोन मुठी धरून आपण ते चालवायचं. कागद जागेवर आणि पेन फिरतं, तसं.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर घरी आहात, शिका की." बाहेर बर्फ होतं. बसलो शिकायला. दोन दिवसांत पाच सुया मोडल्या.

पहिली मोडली तेव्हा मी काय केलं? नवी लावली आणि पुढे सुरू. दुसरी मोडली, पुन्हा तेच. फोनवर एका स्नेह्याने निदान केलं, "मशीनचं टायमिंग गेलंय, मेकॅनिक बोलवा." दुसऱ्याने सांगितलं, "मशीनच परत करा." मलाही ते पटत होतं, कारण त्यात माझी चूक कुठेच नव्हती.

चौथ्या सुईचं टोक सापडेना. मी म्हटलं, पडलं असेल जमिनीवर, झाडताना मिळेल. ही शांतपणे म्हणाली, "अहो, ही बाळाच्या अंगाखाली जायची आहे."

त्या एका वाक्याने माझं शिवण थांबलं. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आम्ही कुलूप लावून घरी जात होतो का? फ्रीजवरचं लोहचुंबक काढलं आणि गुंडाळलेली गोधडी उलगडून वीतभर वीतभर तपासली. तास गेला. टोक मधल्या कापसात निघालं. त्या दिवसापासून नियम केला : मोडक्या सुईचे तुकडे जोडून पूर्ण सुई दिसल्याशिवाय पुढचा टाका नाही. तुकडे औषधाच्या रिकाम्या डबीत. आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण टोक उडतं ते कुठेही उडतं.

पाचवी मोडल्यावर मात्र मी वही काढली. सुई कुठे मोडली, हात किती वेगात होता, खाली कापडाचे थर किती, दोरा कसा येत होता. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की आम्ही फरक बघायचो. फरकाला ९ ने भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत का, हे आधी शोधायचं. सुईचंही तसंच. कुठे आणि कशी मोडली, त्यावरून कारण कळतं.

पाचांचा हिशेब असा निघाला. पहिली मी खाचेत पूर्ण वर ढकललीच नव्हती. या मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो, घरच्यासारखी एक बाजू चपटी नसते, त्यामुळे ती तिरकीही बसते. लांब खाच पुढे, खोलगट बाजू मागे हुककडे, सुई वर टेकेपर्यंत ढकलायची आणि मगच स्क्रू आवळायचा. दुसरी मोडली पातळाच्या दुमडलेल्या काठावर, जिथे सहा थर एकावर एक आले होते आणि मी धडाधड पुढे गेलो. तिसरीच्या वेळी कापड ढोलासारखं ताणलं होतं. ते इतकं सैल हवं की खालून बोट वर केलं तर वरून ते चिमटीत धरता यावं. चौथीच्या वेळी रिळाखाली दोरा अडकला होता, त्याने सुई ओढली आणि ती लोखंडी पट्टीवर आपटली. पाचवी निव्वळ घाईची. सुई कापडात असताना मी डोकं झटक्यात ओढलं. सुई वाकते, भोकाऐवजी पट्टीवर येते आणि मोडते.

पाचांपैकी एकही मशीनची चूक नव्हती.

टायमिंग बिघडतच नाही असं मी म्हणत नाही. नवी सुई नीट बसवली, मशीन बंद ठेवून चाक हाताने फिरवलं, आणि तरीही सुई हुकला घासत असेल, तर जाणकाराला बोलवावं. चालवत राहू नये. पण ते शेवटी. आधी सुई, मग दोरा, मग ताण, मग आपला हात. फुकटाच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर. एक गोष्ट मीही विसरलो होतो : सुई आपटली की पट्टीच्या भोकाला बारीक कंगोरा येतो. पुढे दोरा तुटू लागला तो त्यामुळेच. भोकाच्या कडेवरून नख फिरवलं की कळतं.

माझं म्हणणं एवढंच. नवशिक्याची सुई मोडणं ही लाज नाही. कारण न शोधता दुसरी लावणं, ही चूक. जुळत नाही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून दिवस बंद करणाऱ्यांची पुढे काय गत झाली, ते मी पाहिलंय.

आणि आपल्या मंडळींना थोडं टोचणारं बोलतो. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन काढलं, ते हाताच्या विद्येसाठीच. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच गावात वाढून मी बी. कॉम. झालो, आणि बहात्तराव्या वर्षापर्यंत सुईत दोरा ओवला नव्हता. ते बायकांचं काम, असं कुणी मला शिकवलं नाही. मी ते सोयीने धरून चाललो. आई आयुष्यभर एकेक टाका घालत होती. तिच्या किती सुया मोडल्या, हे मी कधी विचारलं नाही.

मशीनची गोधडी ही गोधडी नव्हे, असं काहीजण म्हणतील. हाताच्या टाक्याचा मऊपणा तिला नाही, हे मला मान्य. पण ती पातळं ट्रंकेतच विरली असती, त्यापेक्षा हे बरं. नात आता तिच्यावर पालथी पडते. टाके एका कोपऱ्यात वाकडे आहेत. तो कोपरा पहिल्या दोन दिवसांचा. उसवू का, म्हणून मी विचारलं. लेक म्हणाली, "राहू द्या बाबा, तेवढाच तुमचा."

तुमच्या ट्रंकेत आईची, आजीची लुगडी असतील तर बोहारणीला देण्याआधी एकदा उलगडून बघा. आणि शिवायला बसलात, सुई मोडली, तर आधी तुकडे मोजा.