लिहितो तोच गातो

मराठीत गाण्याचं श्रेय तिघांत वाटायची आपल्याला सवय. कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण झालं, त्यात शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. गजाननराव वाटवे चाल लावून स्वतःच गायचे, पण शब्द कवी अनिलांसारख्यांचे. त्यामुळे तिन्ही गोष्टी एकच माणूस करायला लागला, की आपण लगेच मार्कं कापायला बसतो.

संदीप खरेबद्दल हे मी कितीदा ऐकलंय! "कवी छान आहे हो, पण गायक नव्हे." मला हे अजिबात पटत नाही.

संदीप १९७३ चा. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाचं, म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही घरात 'मुलगा मार्गाला लागला' म्हणावं असं. आणि हा कविता करत, त्यांना चाली लावत बसला. 'दिवस असे की' या अल्बममध्ये शब्द त्याचे, चालीही त्याच्याच; गायला सोबत शैलेश रानडे. पुढे २००३ मध्ये डॉ. सलील कुलकर्णींबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' सुरू झालं. (एक डॉक्टर, एक इंजिनिअर... दोघांच्या घरी काय बोलणी झाली असतील!) सलीलच्या चालींचा वाटा त्यात मोठा आहे, हे मान्यच. पण संदीप स्वतः गातो तेव्हा कुठला शब्द नुसता बोलून सोडायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे त्याला लिहितानाच माहीत असतं. तयारीचा गळा ती जागा सुरेल करेल, पण कदाचित गुळगुळीतही करेल.

असो. हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरचंच आहे. आमचा पुतण्या गाणी लिहितो, गिटारवर चालीही बसवतो. परवा म्हणाला, "काका, माझा आवाज नाही ना चांगला, मित्राला गायला देतो." हे त्याच्या डोक्यात आपणच भरवलंय, दर गणपतीत "आधी क्लास लाव" म्हणून म्हणून. मित्र सुरेल आहे, शंकाच नाही. पण त्याने गायलं तेव्हा मधली ती अडखळणारी ओळ सरळ होऊन गेली. ती अडखळायलाच हवी होती.

दादा, वहिनी, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडे गाणार आहे, स्वतःच. नक्की या. क्लासचा विषय तेवढा काढू नका.