पगारवाढ मागायची, पण लेखी!

किराणा, मुलांची फी, घरभाडे हे सारे न सांगता वाढते. पगार मात्र मागितल्याशिवाय सहसा वाढत नाही. खाजगी कचेऱ्या, दवाखाने, दुकाने येथे काम करणाऱ्या कित्येक जणी ‘साहेबांच्या लक्षात असेलच’ या भरवशावर वर्षे काढतात. हा भरवसा महागात पडतो. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर तीन वर्षांपूर्वी 20,000 रुपयांत भागणाऱ्या खर्चाला आज सुमारे 23,800 रुपये लागतात. म्हणजे तोच पगार प्रत्यक्षात घटलेला असतो.

तोंडी बोलणे विसरले जाते. अर्ज फाइलला लागतो. तो एका पानात बसवावा. रुजू झाल्याची तारीख, सध्याचा पगार आणि शेवटची वाढ कधी झाली हे आधी लिहावे. मग वाढलेले काम. ‘मी मनापासून काम करते’ हे मोघम झाले. ‘पूर्वी फक्त बिले करीत होते, गेल्या वर्षापासून जीएसटीची विवरणपत्रे आणि वसुलीही पाहते’ हे वजनदार. शेवटी अपेक्षित आकडा स्पष्ट लिहावा.

घरच्या अडचणींचा पाढा वाचू नये. अडचण सांगून फार तर उचल मिळते, वाढ मिळते ती कामावर. ‘नाहीतर नोकरी सोडीन’ ही धमकी तर दुसरी नोकरी हाती नसताना देऊच नये. सहकाऱ्यांशी तुलनाही टाळावी. मात्र त्याच कामाला पुरुषाला जास्त पगार मिळत असेल, तर गोष्ट वेगळी. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला आणि 2019च्या वेतन संहितेतही वेतनात असा भेद करण्यास मनाई आहे.

वाढ शक्यतो मूळ पगारात मागावी. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मुख्यतः मूळ पगार व महागाई भत्त्यावर होतो. भत्ता वाढला की आजचा खर्च भागतो. मूळ पगार वाढला की म्हातारपणाचीही सोय होते.

एप्रिलपासून नवे आर्थिक वर्ष सुरू होते, म्हणून फेब्रुवारीतच अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पंधरा दिवसांनी शांतपणे विचारावे. नकार मिळालाच, तर ‘पुन्हा विचार कधी होईल?’ एवढे विचारून ती तारीख लिहून ठेवावी. पुढच्या अर्जाची सुरुवात तिथूनच होते.