ताटाशेजारचा पेला

मागच्या महिन्यात, कैऱ्या नुकत्या उतरू लागल्या होत्या तेव्हा, माझा भाचा नाशिकहून आला. तिकडे तो एका वाईनच्या कारखान्यात आहे. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, त्यानंतर नाशिककडे असे कारखाने पुष्कळ निघाले. तिथे लोक पैसे देऊन चव पाहायला येतात, आणि कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाईन जमते हे हा पोरगा त्यांना समजावून देतो. त्याचाच पगार! ऐकून आमच्या घरच्यांनी कपाळाला हात लावला.

"मावशी, बाटली आणली नाही हं," दारातच त्याने सांगून टाकले. आणून चालणारही नव्हते. आपला वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचे ठरवले होते, तेव्हाही बंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते. आता कागदावरची बंदी आणि गावातली बंदी यात किती अंतर असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. वडनेरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की वर्धा नदी लागते. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, तिथे बंदी नाही. कापसाचा चुकारा हाती आला की संध्याकाळी त्या पुलावर कोणाची गाडी दिसते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असते. आमच्या भासऱ्यांचे अडीच एकर त्या पुलावरूनच गेले.

म्हणून आज वाईनबद्दल लिहायला बसले नाही. पण भाच्याने चव पाहण्याची जी रीत सांगितली ती मला फार पटली. पेला आधी उजेडात धरून रंग पाहायचा. मग हलवून वास घ्यायचा. मग लहानसा घोट तोंडात घोळवायचा आणि गिळल्यावर जिभेवर काय उरते ते पाहायचे. आंबट, गोड, तुरट, यातले आधी काय आले, शेवटपर्यंत काय राहिले? तो म्हणाला, किमतीवरून काही ठरत नाही, स्वस्तातलीही योग्य ताटाबरोबर चांगली लागते आणि महागातलीही चुकीच्या ताटाबरोबर वाया जाते.

मी म्हटले, मग आपल्या घरातलेच पेले घेऊन पाहू. ताक होते, पन्हे होते, आणि डब्यात अंबाडीच्या वाळवलेल्या पाकळ्या होत्या.

अंबाडी तुमच्याही धुऱ्यावर असेलच. पण भाजीची आणि दोराची अंबाडी वेगळी, सरबताची वेगळी. सरबताला लाल देठाची, मांसल लाल बोंडाची लागते. दिवाळीच्या मागेपुढे बोंडे तोडायची, आतली बी काढून टाकायची, वरच्या लाल पाकळ्या सावलीत खडखडीत वाळवायच्या. एक लिटर पाण्याला २० ते २५ ग्रॅम म्हणजे मोठी मूठभर पाकळ्या घ्या, पाच-सात मिनिटे उकळा, झाकून ठेवा, गाळा. साखर ४-५ मोठे चमचे आणि चिमूटभर काळे मीठ. गूळ घातला तर चालतो, पण रंग मळतो. इजिप्तमध्ये याच पेयाला करकदे म्हणतात, मेक्सिकोतही ते घरोघरी पितात. आपण मात्र बोंडे धुऱ्यावर वाळू देतो आणि पाहुण्यांसाठी हायवेवरून बाटल्या मागवतो.

भाच्याने पेला उजेडात धरला आणि हसला. म्हणाला, रंग तर आमच्या लाल वाईनचाच. घोट घेतल्यावर जीभ जराशी कोरडी पडते, जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी, तो तुरटपणाही तिच्यासारखाच. बाजारातले लाल सरबत खरे की नुसता रंग, हे पाहायचे असेल तर चमचाभर घेऊन त्यात चिमूट खाण्याचा सोडा टाका. अंबाडीचा लाल रंग निळसर पडतो, बाटलीतला रंग बहुधा तसाच राहतो.

एक चूक माझ्याकडून झाली होती, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. थोरलीच्या साक्षगंधाला मी हेच सरबत केले होते. माणसे जास्त, म्हणून रात्री पितळी गुंडात भरून ठेवले. गुंडाची कल्हई कधीची उडाली होती, मला भान नाही. सकाळी घोट घेतला तर सगळे कळकलेले! तोंडात तांब्याचा पैसा ठेवावा तशी चव. अख्खा गुंड मोरीत ओतला आणि पोराला बाटल्या आणायला धाडले. व्याह्यांनी काही म्हटले नाही, पण मला अजून आठवते. आंबट जिन्नस स्टील, काच किंवा मातीच्या भांड्यातच ठेवा.

आता ताटाकडे येऊ. त्या दिवशी वडाभात केला होता, वरून फोडणीचे तेल. एरवी सोबत कढी नाहीतर चिंचवणी असते. भाच्याने अंबाडीचे सरबत साखर कमी करून मागितले, आणि खरोखर जमले. तेलाचा थर जिभेवर बसतो, आंबट घोटाने तो निघतो आणि पुढचा घास पुन्हा नवा लागतो. सांबारवडीबरोबरही तसेच. आपल्या आज्यांनी तळणाशेजारी कढी ठेवली ती उगाच नव्हे.

झुणका-भाकर आणि ठेच्याबरोबर मात्र अंबाडी फसली. तुरट आणि तिखट एकत्र आले की जाळ वाढतो. तिथे ताकच पाहिजे. मिरचीतला जाळणारा अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन काही होत नाही. दुधा-ताकातली प्रथिने तो धरून नेतात. ताकही पारखून घ्या. सकाळी घुसळलेल्याला लोण्याचा वास असतो, ते नुसते प्यावे. संध्याकाळपर्यंत आंबते, त्याची कढी करावी, नाहीतर ज्वारीच्या पिठाला लावून आंबील.

पाटोडीचा झणझणीत रस्सा असला तर पन्हे, आणि तेही जरा गोडच. गोडाने तिखट शमते. पण पुरणपोळीच्या ताटाशी यातले काहीच नको. गोड घासानंतर आंबट पेला दुप्पट आंबट लागतो. वाईनवाल्यांचाही नियम म्हणे हाच, पेला पदार्थाहून गोड असावा. पोळीला दूध आणि तूप पुरे.

आणि थंडाव्याचे. फ्रिजमधले सरबत आणि माठाच्या पाण्यातले सरबत शेजारी ठेवून आम्ही प्यालो. फार गार असले की गोडी दबते आणि तुरटपणा पुढे येतो, मग आपण आणखी साखर ओततो. माठाचे पाणी वापरा, साखर वाचेल.

एक पेला ओसरीवर भासऱ्यांनाही पाठवला. त्यांची सुटून तीन वर्षे झाली. सरबताने सुटली असे मी म्हणणार नाही. दवाखान्यातले दीड महिने आणि आमच्या जाऊबाईंचा हट्ट, याने सुटली. पण जेवायला बसले की त्यांच्या हाताला अजून काहीतरी लागते, असे जाऊबाई सांगतात. पाणी नुसते सरकवून ठेवतात. त्या दिवशी त्यांनी पेला नाकाशी धरला, बराच वेळ धरला, घोट घेतला आणि नातवाबरोबर निरोप पाठवला, "चव आहे, वास नाही."

भाचा म्हणाला, मावशी, हे नाक कारखान्यात पाहिजे. बरोबरच बोलले होते ते. अंबाडीला स्वतःचा वास फारसा नाहीच. मग आम्ही उकळताना आल्याचा तुकडा ठेचून टाकला, आणि माठात वाळ्याची जुडी. दुसरा पेला त्यांनी परत पाठवला नाही. रात्री पानावर बसताना जाऊबाईंना म्हणाले, तो लाल पेला आण, पण आज वांग्याची भाजी आणि रोडगे आहेत, तर ताकच दे.

पाकळ्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाच्या, ओलावा लागू न देता ठेवा, वर्षभर टिकतात. बी टाकू नका. मृग लागला की कपाशीच्या कडेने एक ओळ तिचीही टोचा.